मसणवट्याचा सातबारा

सरकारी कागदांवर मृतांची विभागणी सोपी असते. हिंदूंची स्मशानभूमी, मुस्लिमांचे कब्रस्तान, ख्रिस्ती समाजाची दफनभूमी असे तीन रकाने आखले की काम भागते. वाशिम जिल्ह्यातली गावे मात्र या रकान्यांत बसत नाहीत. लिंगायत वाण्यांमध्ये मृताला बसवून, हातात इष्टलिंग ठेवून समाधी देतात. नाथपंथी गोसाव्यांत दफनाची चाल आहे, महानुभाव पंथीयांतही आहे. ज्या घरांत पिढ्यानपिढ्या अग्नीच दिला जातो, तिथेही अंगावरचे मूल गेले तर बाप त्याला उराशी धरून नेतो आणि मूठमाती देतो. दफनभूमी ही कुणा एकदोन समाजांची गरज आहे हा समज इथेच गळून पडतो. ती जवळजवळ प्रत्येक घराची गरज आहे.

श्रोतेहो, स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय घेण्याचे कारण एवढेच, की गेलेल्या माणसाचे स्मरण आपण मनापासून करतो, पण त्याच्या देहाला जागा कोणत्या हक्काने मिळाली, ती कुणी राखली, याची चौकशी सहसा करत नाही. ही चौकशी होते ती मयत दारात असताना. तेव्हा कायदा वाचायला कुणाला सवड नसते, आणि भांडायला मात्र माणसे जमतात.

या जिल्ह्याला समाधी आणि कबर यांचे अप्रूप नाही. मानोरा तालुक्यातली पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी मानली जाते, ती संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे. त्यांच्याच परंपरेतले रामराव महाराज ३० ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत वारले. त्यांची समाधीही पोहरादेवीलाच आहे. मंगरुळपीरला हयात कलंदरांचा दर्गा आहे, तिथे सर्व जातींचे लोक जातात. मोठ्यांच्या समाध्यांना जागा मिळते, रस्ता मिळतो, निधी मिळतो. प्रश्न उरतो तो तांड्यावरच्या म्हातारीचा, मोहल्ल्यातल्या मजुराचा, बौद्धवाड्यातल्या पोराचा.

राज्यघटनेने या बाबतीत जबाबदारी स्पष्ट टाकली आहे. सातव्या अनुसूचीतल्या राज्य सूचीत दहावी नोंद दफन व दफनभूमी, दहन व दहनभूमी यांची आहे. म्हणजे हा विषय दिल्लीचा नाही, मुंबईचा आहे. राज्याने तो पुढे स्थानिक संस्थांकडे सोपवला. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत दहन-दफनभूमीची तरतूद, देखभाल आणि नियमन हे पंचायतीच्या कामांत आहे. १९६५च्या नगरपरिषद अधिनियमात मृतांच्या विल्हेवाटीसाठी जागा मिळवणे आणि राखणे हे नगरपरिषदेच्या आवश्यक कर्तव्यांत येते. वाशिम, कारंजा, मंगरुळपीर, रिसोड इथे नगरपरिषदा आहेत. मालेगाव आणि मानोरा इथे आता नगरपंचायती आहेत. त्यामुळे या दोन गावांत मसणवटा जिथे होता तिथेच राहिला, पण त्याचा मालक-कारभारी बदलला, कायदा बदलला. जुन्या ग्रामपंचायतीच्या दप्तरातली प्रत्येक नोंद नव्या कार्यालयात नीट उतरली की नाही, हे नागरिकांनी स्वतः जाऊन पाहावे, अशी व्याख्यात्याची कळकळीची विनंती आहे.

शहरांत आणखी एक धोका असतो. विकास आराखड्यात दफनभूमीसाठी आरक्षण पडते आणि लोक निश्चिंत होतात. पण १९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाचे कलम १२७ असे, की दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर दोन वर्षांत पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द होते. नकाशावरचा रंग कुणाचेही दफन करून देत नाही. मुंबईच्या पूर्व उपनगरांत कब्रस्तान अपुरे पडल्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४ साली न्यायालयाला महापालिकेला तिच्या कायदेशीर कर्तव्याची आठवण करून द्यावी लागली. ज्या शहरात १८८८ सालापासून यासाठी कायदा आहे, तिथली ही गत.

खेड्यातली गोष्ट वेगळी आहे, आणि तीच इथे जास्त विस्ताराने सांगायची आहे.

वाशिम हा जिल्हा कागदावर तरुण आहे. अकोल्यातून तो १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. पण इंग्रजी अमदानीत १९०५ पर्यंत बासिम नावाचा स्वतंत्र जिल्हा होताच. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. जी जमीन कुणाच्या वहिवाटीत नव्हती, ती सरकारी ठरली. वऱ्हाडात आजही गावकरी तिला ई-क्लास म्हणतात. गुरे चरतात ती ई-क्लास, शाळा बांधली ती ई-क्लास, मसणवटाही पुष्कळदा ई-क्लासवरच.

१९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ने जिल्हाधिकाऱ्याला अशी बिनभोगवट्याची जमीन गायरान, गावठाण, खळे, बाजार आणि दहन-दफनभूमीसाठी राखून ठेवण्याचा अधिकार दिला आहे. एकदा राखली की जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय ती दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. तलाठ्याकडच्या गाव नमुना १-ब मध्ये बिनभोगवट्याच्या जमिनी लिहिलेल्या असतात, १-ई मध्ये अतिक्रमणे. आणि दफनाची जागा कुणाच्या खासगी सर्वे नंबरात असली तर? त्याचीही सोय मोजणीच्या १९६९च्या नियमांत आहे. शेतातला जो तुकडा दहन किंवा दफनासाठी वापरात असेल, त्यावर आकारणी होत नाही. तो पोटखराब वर्ग 'ब' म्हणून दाखवला जातो. सातबाऱ्यावर ही एवढीशी नोंद असली तर नवा खरेदीदार तिथे नांगर घालू शकत नाही. नसली तर पन्नास वर्षांची वहिवाट सिद्ध करत दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

व्याख्यानाचा सारा भर या मुद्द्यावर आहे. अंत्यसंस्काराचा हक्क मोठ्या न्यायालयांनी कितीही उंच नेऊन ठेवला, तरी गावात तो तलाठ्याच्या दप्तरातल्या एका ओळीवर उभा असतो. ओळ नसेल तर हक्क बलिष्ठांच्या मर्जीवर जातो.

ई-क्लासवर ताण येण्याचे कारणही समजून घेतले पाहिजे, नाहीतर आपण भलत्यालाच दोष देऊ. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या ही त्यांची मागणी होती. ती न्याय्य होती. वऱ्हाडात कित्येक दलित, आदिवासी, भटक्या कुटुंबांनी ई-क्लासवर तुकडा फोडून पोट भरले आहे. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्यासाठी सर्व राज्यांना योजना करायला सांगितले. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांसारखे अपवादही ठेवले आहेत. जिवंत गरिबाची भाकर आणि मेलेल्या गरिबाची जागा, दोन्ही एकाच गटात येऊन बसतात. अशा ठिकाणी मोजणी न करता बुलडोझर नेणे हा अन्याय आहे, आणि मोजणी न करता सगळे अतिक्रमण नियमित करणे हाही अन्यायच. आधी मसणवट्याची हद्द कायम करावी, दगड रोवावेत, मग उरलेल्या जमिनीवर कसणाऱ्याचा दावा ऐकावा. क्रम हाच असला पाहिजे.

तांड्यांची अडचण याहून वेगळी. मानोरा, मंगरुळपीर, कारंजा या भागांत बंजारा तांडे पुष्कळ आहेत, आणि तांडा हे स्वतंत्र महसुली गाव नसेल तर त्याला स्वतःचे गावठाण नसते, की स्वतःच्या नावाची स्मशानभूमी नसते. मूळ गावच्या मसणवट्यात जायचे तर अंतर आणि संबंध दोन्ही आडवे येतात. वसंतराव नाईक यांच्या नावाच्या तांडा-वस्ती सुधार योजनेतून रस्ते, पाणी, सभामंडप होतात. तांडा महसुली गाव होतानाच दहन-दफनभूमीची जागा राखून ठेवली, तर पुढच्या पिढ्यांचे भांडण वाचेल. धरणांमुळे उठलेल्या गावांसाठी हे तत्त्व शासनाने मान्य केलेलेच आहे. पुनर्वसित गावठाणाला ज्या अठरा नागरी सुविधा द्यायच्या असतात, त्यांत स्मशान व दफनभूमी आहे. जे उठवलेल्या गावाला मिळते ते वसलेल्या तांड्याला का मिळू नये?

जागा असली तरी वाट असतेच असे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तामिळनाडूतल्या वेल्लोर जिल्ह्यात एका दलित माणसाचे शव दोरांनी पुलावरून खाली सोडावे लागले. खालच्या स्मशानाकडे जाणारी वाट ज्यांच्या शेतातून होती त्यांनी ती अडवल्याचे सांगण्यात आले. ते चित्रीकरण देशभर पाहिले गेले आणि मद्रास उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. हे दूरचे म्हणून सोडून देता येत नाही. वाशिमच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पायवाट गुडघाभर चिखलाची होते, नाल्याला पूर आला की पलीकडचा मसणवटा तुटतो. अशा वेळी शेजारच्या शेताच्या धुऱ्यावरून तिरडी न्यायची की नाही, हे शेतमालकाच्या स्वभावावर ठरते. जनसुविधेच्या निधीतून दहनशेड उभे राहते, त्यावर फलक लागतो. शेडपर्यंतचे दोनशे मीटर मात्र कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतात. लोखंडी शेडपेक्षा ते दोनशे मीटर महत्त्वाचे आहेत, असे व्याख्यात्याचे ठाम मत आहे.

जातीच्या कारणाने अडवणूक झाली तर कायदा कडक आहे. १९५५चा नागरी हक्क संरक्षण अधिनियम दहन-दफनभूमीच्या वापरात अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणाऱ्याला शिक्षा सांगतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिच्यानुसार दलित-आदिवासींना इतरांच्या बरोबरीने दहन वा दफनभूमी वापरू न देणे हा अत्याचाराचा गुन्हा आहे. तरीही गावोगाव मसणवटे जातवार वेगळे आहेत, आणि सार्वजनिक पैशातून त्यांना वेगवेगळ्या भिंती घातल्या जातात. धर्माच्या विधीसाठी वेगळी जागा लागते हे समजण्यासारखे आहे. एकच विधी करणाऱ्या दोन जातींना दोन स्मशाने बांधून देण्याचे काम सरकारने करू नये.

कब्रस्तानांच्या बाबतीत वक्फचा कायदा येतो. पिढ्यानपिढ्या दफन होत आल्याने जी जागा वक्फ मानली गेली, तिला वापरामुळे झालेले वक्फ म्हणत. २०२५च्या दुरुस्तीने पुढच्या काळासाठी ही तरतूद काढली; आधी नोंदलेल्या जागा टिकतात, मात्र जिथे वाद आहे किंवा जमीन सरकारी असल्याचा दावा आहे त्या वगळून. दुरुस्तीच्या काही तरतुदींना सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ रोजी अंतरिम स्थगिती दिली आहे. ज्या कब्रस्तानाचे मूळ ई-क्लासवर आहे, त्याच्या विश्वस्तांसाठी महसूल दप्तरातली नोंद आता पूर्वीपेक्षा कितीतरी मोलाची झाली आहे.

आता न्यायालयांकडे. मृतदेहाची प्रतिष्ठा ही जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली परमानंद कटारा प्रकरणात म्हटले. २००२ साली बेघर मृतांच्या प्रश्नावर त्याला दुजोरा मिळाला. महाराष्ट्रात याची कसोटी लागली करोनाच्या पहिल्या लाटेत. मुंबई महापालिकेने ३० मार्च २०२० रोजी सर्व करोना मृतांचे, धर्म कोणताही असो, दहन करण्याचे परिपत्रक काढले आणि लगेच ते बदलले. मग वांद्र्यातल्या काही रहिवाशांनी जवळच्या कब्रस्तानात असे दफन नको म्हणून दावा लावला. २२ मे २०२० रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती एस. एस. शिंदे यांनी तो फेटाळला. शवातून संसर्ग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही, आणि सन्मानाने अंत्यसंस्कार हा अनुच्छेद २१चा भाग आहे, हे त्या निकालाचे सार. भीती पसरलेल्या काळात दिलेला तो निकाल महाराष्ट्राने जपून ठेवावा असा आहे.

त्याहून अवघड कसोटी सप्टेंबर २०२४ मध्ये आली. बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराचा आरोप असलेला माणूस पोलिसांच्या गोळीने मेला. पुन्हा शवचिकित्सेची गरज पडली तर पुरावा राहावा म्हणून कुटुंबाला दहनाऐवजी दफन करायचे होते. गावोगाव विरोध झाला. लोकांचा संताप समजण्यासारखा होता. त्या मुलींच्या दुःखापुढे दुसरे काही मोठे वाटणे कठीण. पण उच्च न्यायालयाने राज्याला जागा शोधायला सांगितले आणि २९ सप्टेंबरला पोलीस बंदोबस्तात उल्हासनगरला दफन झाले. आरोप कितीही घृणास्पद असो, जमीन नाकारण्याची शिक्षा कोणत्याही संहितेत नाही, आणि जमावाला ती देता येत नाही.

या सगळ्यांत वऱ्हाडाला सर्वांत जवळचे प्रकरण मात्र छत्तीसगढचे आहे. १९४८ साली बस्तर संस्थान मध्य प्रांत व वऱ्हाडात विलीन झाले, आणि ऑक्टोबर १९५६ अखेरपर्यंत बस्तर आणि वाशिम दोन्हींची राजधानी नागपूर होती. त्या बस्तरमधल्या छिंदवाडा गावात ७ जानेवारी २०२५ रोजी एक ख्रिस्ती धर्मोपदेशक वारला. त्याच्या घरची आधीची माणसे गावच्याच दफनभूमीत पुरलेली होती. या वेळी गावाने विरोध केला. मुलाने आपल्या शेतात दफन करण्याचीही तयारी दाखवली. उच्च न्यायालयाने नकार दिला, शव शवागारात पडून राहिले. २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची दोन मते झाली: न्या. नागरत्ना यांच्या मते खासगी शेतात दफन होऊ द्यावे, न्या. शर्मा यांच्या मते वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापालच्या ख्रिस्ती दफनभूमीतच व्हावे. तीन आठवडे थांबलेल्या देहाकडे पाहून दोघांनी मिळून करकापालचा आदेश दिला. मुलाला वाडवडिलांशेजारची जागा मिळाली नाही, आणि कायद्याचा प्रश्नही सुटला नाही.

हा झगडा आपल्याच देशात होतो असेही नाही. १८८८ साली वेल्समधल्या लानफ्रोथेन गावात रॉबर्ट रॉबर्ट्स नावाचा म्हातारा खाणकामगार वारला. आपल्या मुलीशेजारी पुरावे एवढीच त्याची इच्छा. तो अँग्लिकन चर्चबाहेरच्या पंथाचा, म्हणून पाद्र्याने कोपऱ्यातली अवकळा आलेली जागा देऊ केली. वास्तविक १८८०च्या कायद्याने अशा लोकांना गावच्या चर्चच्या आवारात आपल्या विधीने दफनाचा हक्क मिळाला होता. पंचवीस वर्षांच्या एका वकिलाने कुटुंबाला सांगितले, दार बंद असेल तर ते उघडून आत जा. खटला झाला, अपिलात कुटुंब जिंकले. तो वकील डेव्हिड लॉइड जॉर्ज, पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला. लानफ्रोथेन आणि छिंदवाडा यांच्यात एक फरक ठळक आहे: तिथे संसदेने आधीच नेमका कायदा केलेला होता, न्यायाधीशांना तो फक्त लावायचा होता.

आपल्याकडेही साधने आहेत, ती वापरली मात्र जात नाहीत. जमीन महसूल संहितेत केवळ विदर्भाला लागू असलेले एक प्रकरण आहे. कलम १६१ प्रमाणे गावातल्या बिनभोगवट्याच्या सर्व जमिनींच्या व्यवस्थेचे निस्तार पत्रक जिल्हाधिकाऱ्याने करायचे, गावात त्याचा मसुदा प्रसिद्ध करायचा, रहिवाशांची इच्छा जाणून ते कायम करायचे. जुन्या मध्य प्रांताकडून आलेली ही तरतूद पुण्या-साताऱ्याच्या खेड्याला नाही, वाशिमच्या खेड्याला आहे. आणि ग्रामपंचायतीने मागणी केली तर, किंवा पंचायत नसेल तिथे एक चतुर्थांश प्रौढ रहिवाशांनी अर्ज केला तर, चौकशी करून जिल्हाधिकारी त्यातली नोंद केव्हाही बदलू शकतो.

तेव्हा येत्या ग्रामसभेत सचिवांकडून नमुना १-ब आणि निस्तार पत्रक मागवावे. ज्या जागी गावात खरोखर दहन आणि दफन होते, त्या सर्व जागांची यादी करावी. त्यात लिंगायतांची, गोसाव्यांची, तांड्याची आणि लहान मुलांना पुरण्याची जागा गाळू नये. खासगी शेतातल्या तुकड्याला पोटखराब 'ब' दाखवण्याचा अर्ज द्यावा, भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द मोजून घ्यावी. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने अशा जागेच्या रखवालदारावर मृत्यूची खबर देण्याची जबाबदारी टाकली आहे, तेव्हा प्रत्येक जागेला नेमका जबाबदार माणूसही ठरवावा. आणि ठरावात जागेच्या गट क्रमांकाखालीच, तिथे जाणारी वाट कोणकोणत्या गटांतून जाते आणि ती किती फूट रुंद आहे, हे आकड्यांत लिहून घ्यावे.